पहिली लँग्वेज कुठली? (भिवंडी ते पायथन, व्हाया टर्बो सी)

गेल्या रविवारी भिवंडीला जाऊन आलो. आई-बाबा आता ठाण्याला असतात, तरी पद्मानगरला अण्णांकडे वर्षातून दोन-तीनदा चक्कर होतेच. अण्णा म्हणजे आमचे जुने शेजारी. घरात तेलुगू, बाहेर मराठी, गाळ्यात हिंदी, आणि चिडले की तिन्ही एकदम. त्यांचा बारा मागांचा गाळा आहे, सगळं काम जॉबवर. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. अण्णांच्या वाट्याला फक्त विणायची मजुरी.

चहा झाला आणि अण्णांनी मुद्द्याला हात घातला. "तू कॉम्प्युटरवाला, तूच सांग रे बाबा. हिला क्लास लावायचाय. फी मोठी आहे. दोन माग काढून टाकतो म्हणतो. तसाही भंगारवाला रोज विचारून जातो."

'ही' म्हणजे त्यांची धाकटी मुलगी. बारावी कॉमर्स झाली आहे. तिच्या हातात क्लासचं चकचकीत पत्रक होतं. त्यावर सी, सी++, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, डेटा सायन्स, आणि खाली एक पाच आकडी रक्कम. तिने सरळ विचारलं, "दादा, यातली पहिली कुठली शिकू? आणि कुठल्या सॉफ्टवेअरवर?"

ऑफिसात हा प्रश्न कुणी विचारला असता तर मी दोन मिनिटांत उत्तर दिलं असतं. पण इथे उत्तराच्या दुसऱ्या टोकाला दोन माग होते, आणि माग भंगारात किलोवर जातो. म्हटलं, "आठ दिवस थांब, नीट विचार करून सांगतो." तो विचार म्हणजे हा लेख. जरा लांबला आहे, पण वीकांत आहे, चहा घेऊन बसा :)

गाळ्यातला प्रोग्राम

सुरुवात लांबून नको, अण्णांच्या गाळ्यातूनच करू. त्यांच्या दोन मागांवर डॉबी बसवलेली आहे. साधं कापड विणायला डॉबी लागत नाही, पण कापडात छोटी नक्षी किंवा पट्टा हवा असेल तर लागते. तिच्यात लाकडी पट्ट्यांची एक साखळी असते. पट्ट्यांना भोकं, आणि काही भोकांत खुंट्या ठोकलेल्या. साखळी फिरते. खुंटी आली की त्या नंबरची फ्रेम वर जाते, मोकळं भोक आलं की फ्रेम खाली राहते. ताण्याचे कुठले धागे उचलले जाणार आणि धोटा कुठल्या धाग्यांखालून जाणार, हे सगळं त्या खुंट्या ठरवतात. साखळीचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला जोडलेलं असतं, त्यामुळे नक्षी पुन्हा पुन्हा उमटत राहते.

खुंटी आहे किंवा नाही, म्हणजे एक किंवा शून्य. साखळी गोल आहे, म्हणजे लूप. एक खुंटी चुकीच्या भोकात बसली तर तीच चूक कापडभर ठराविक अंतराने दिसते, म्हणजे बग. आमच्या भिवंडीत शेकडो लोकांना हे प्रोग्रामिंग येतं, फक्त त्याला कुणी प्रोग्रामिंग म्हणत नाही.

डॉबीची मोठी बहीण म्हणजे जॅकार्ड. फ्रान्समध्ये ल्यों या रेशमाच्या गावात जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ साली आपला माग पक्का केला. कल्पना संपूर्ण त्याची नव्हती. बुशोनने १७२५ मध्ये भोकं पाडलेला कागद मागाला लावला होता, पुढे फाल्कनने कागदाच्या जागी पुठ्ठ्याची कार्डं आणली. जॅकार्डने हे सगळं जमवून रोज चालेल असं यंत्र केलं. त्याआधी नक्षीसाठी मागाशेजारी एक पोरगा दोऱ्या ओढत बसायचा. जॅकार्डने त्या पोराचं काम कार्डांना दिलं. आपल्याकडे सोलापूरच्या चादरीवरची नक्षी जॅकार्डचीच.

या कार्डांची ताकद लंडनच्या चार्ल्स बॅबेजला दिसली. जॅकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र १८३९ मध्ये निघालं होतं. ते विणायला सुमारे २४,००० कार्डं लागली होती. बॅबेजकडे त्याची एक प्रत होती आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना तो ती कौतुकाने दाखवायचा. त्याने आखलेल्या ॲनालिटिकल इंजिनाला सूचना द्यायच्या त्या अशाच कार्डांनी. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने या यंत्रावरच्या एका फ्रेंच लेखाचं भाषांतर करून त्याला स्वतःच्या लांबलचक टिपा जोडल्या. बर्नुली संख्या यंत्राकडून कशा काढून घ्यायच्या याची पायरी-पायरीची रीत त्या टिपांत आहे. गंमत म्हणजे ते यंत्र कधी पूर्ण झालंच नाही. म्हणजे जिला पहिली प्रोग्रामर म्हणतात, ती यंत्राशिवाय शिकली. कुठल्या सॉफ्टवेअरवर? कागद आणि शाई.

भोकांची कार्डं पुढे अमेरिकेत हर्मन हॉलरिथने १८९० च्या जनगणनेला वापरली. त्याची कंपनी इतर कंपन्यांत मिसळत मिसळत आयबीएम झाली. मागापासून कॉम्प्युटरपर्यंतचा रस्ता असा सरळ आहे, आणि भिवंडीकराने तो अभिमानाने सांगावा असं माझं मत आहे.

निवड नव्हतीच तेव्हा

आता मुंबईत येऊ. कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये १९५० च्या दशकात एक कॉम्प्युटर बांधायला घेतला गेला. तो १९६० मध्ये सुरू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं, टिफ्रॅक. आपल्या लोकांनी आपल्या हातांनी बांधलेला. मेमरी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे साधारण १० किलोबाइट. तुमच्या फोनमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

टिफ्रॅकवर काम करणाऱ्यांना 'पहिली लँग्वेज कुठली' हा प्रश्नच पडला नाही. यंत्राला जी कळते ती, शून्य आणि एकाची. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे विकतचं मोठं यंत्र आलं आणि त्याबरोबर फोर्ट्रान आली. फोर्ट्रान जॉन बॅकस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये तयार केली होती, १९५७ मध्ये. गणिताची सूत्रं जवळजवळ सूत्रांसारखीच लिहिता यायची, म्हणून शास्त्रज्ञांनी ती लगेच उचलली. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० आला होता, तिथेही मुलं फोर्ट्रानवर शिकली.

त्या काळी शिकणं कसं होतं? प्रोग्राम कागदावर लिहायचा. एकेक ओळ एकेका कार्डावर भोकं पाडून उतरवायची. कार्डांचा गठ्ठा यंत्राच्या खोलीत नेऊन द्यायचा आणि वाट बघायची. छापील निकाल हातात येईल तेव्हा कळणार की तिसऱ्या ओळीत स्वल्पविराम राहिला आहे. मग पुन्हा कार्ड, पुन्हा रांग. साहजिकच ती पिढी आधी डोक्यात प्रोग्राम चालवून बघायची आणि मग कार्ड पाडायची. ही सवय आम्हाला कधी लागली नाही.

ऑफिसांत मात्र कोबोल होती. १९५९ मध्ये अमेरिकेत तिची आखणी सुरू झाली, ग्रेस हॉपरच्या कामाचा तिच्यावर मोठा प्रभाव. पगारपत्रकं, बँकेची खाती, विम्याचे हप्ते हे तिचं क्षेत्र. मुंबईत १९६८ मध्ये टीसीएस निघाली, १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ आलं, आणि कोबोल येणाऱ्यांना काम मिळू लागलं. २००० साल जवळ आल्यावर जुन्या प्रोग्रामांतले दोन आकडी वर्षांचे घोळ निस्तरायला हीच म्हातारी भाषा पुन्हा भाव खाऊन गेली.

मुद्दा असा की या सगळ्यांची पहिली लँग्वेज त्यांनी निवडली नव्हती. जिथे पोहोचले तिथे जे यंत्र होतं, त्याची जी भाषा होती, ती त्यांची पहिली.

शिकण्यासाठी केलेल्या भाषा

मग कुणीतरी उलटा विचार केला. यंत्राला काय सोपं जाईल ते सोडा, शिकणाऱ्याला काय सोपं जाईल? अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधले जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे दोघे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या बेसिकचा पहिला प्रोग्राम १ मे १९६४ रोजी पहाटे चालला. त्यांना कॉम्प्युटर शिकवायचा होता तो इंजिनियरांपुरता नाही, इतिहास आणि साहित्य शिकणाऱ्या पोरांनासुद्धा. आणि त्यांनी नुसती भाषा केली नाही. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी बसायची सोयही केली. ओळ टाइप करा, रन म्हणा, उत्तर लगेच. गठ्ठा नाही, रांग नाही.

माझ्या मते खरी क्रांती ही होती. भाषा सोपी होती हे खरंच, पण चूक केल्यापासून चूक कळेपर्यंतचा वेळ एका दिवसावरून काही सेकंदांवर आला, हे जास्त महत्त्वाचं.

आपल्याकडे १९८४ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर गेले. त्यांत बेसिक आधीपासूनच बसवलेली असायची. यंत्र चालू केलं की समोर बेसिक. त्या पिढीची पहिली लँग्वेज बेसिक झाली, याचं कारण एवढंच.

पंडितांना अर्थात हे पसंत नव्हतं. नेदरलँड्सचे एड्सगर डायक्स्ट्रा हे कॉम्प्युटर शास्त्रातलं मोठं नाव. त्यांनी १९७५ मध्ये एका टिपणात लिहून टाकलं की बेसिक शिकून आलेल्या मुलांना चांगलं प्रोग्रामिंग शिकवणं जवळपास अशक्य, त्यांची डोकी कायमची बिघडलेली असतात. (कोबोल शिकवणं तर त्यांच्या मते गुन्हा ठरवायला हवा होता.) निकलाउस विर्थ यांनी १९७० मध्ये पास्कल काढली ती शिस्त लावायलाच.

पण मुलांची डोकी काही बिघडली नाहीत. बेसिकवर सुरुवात केलेल्या असंख्य लोकांनी पुढे उत्तम सॉफ्टवेअर लिहिलं. तेव्हा 'पहिली चुकली तर आयुष्य चुकलं' ही भीती तेवढी काढून टाका. पत्रकवाले क्लास नेमकी तीच भीती विकतात.

४९ डॉलर ९५ सेंट

भाषेइतकंच सॉफ्टवेअर महत्त्वाचं, आणि त्याची किंमतही. १९८३ मध्ये बोरलँड या कंपनीने टर्बो पास्कल ४९ डॉलर ९५ सेंटला बाजारात आणलं, तेव्हा इतर कंपायलर शेकडो डॉलरचे होते. शिवाय लिहायची जागा, कंपायलर आणि चुका दाखवणं हे सगळं एकाच स्क्रीनवर. १९८७ मध्ये त्याच घराण्यातलं टर्बो सी आलं, १९९० मध्ये टर्बो सी++.

आता हे नाव ऐकून तिशी-चाळिशीतल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर तो निळा स्क्रीन आला असेल. मीही त्यातलाच.

साल १९९९. एका दुकानाच्या वर क्लास होता, सहा कॉम्प्युटर आणि तीस मुलं. बाबा एका शेठकडे मेहताजी, म्हणजे मजुरीचा आणि कापडाचा हिशेब ठेवायचं काम. माझ्या फीसाठी त्यांनी शेठकडून उचल घेतली होती, हे मला फार नंतर कळलं. क्लासमध्ये आम्हाला टर्बो सी शिकवलं, पण ते पाठांतरासारखं. 'व्हॉइड मेन' का लिहायचं? लिहायचं म्हणून. स्क्रीन पुसायची 'क्लिअर स्क्रीन'ची ओळ आणि शेवटी 'गेटसीएच' का? सर म्हणाले म्हणून. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' मित्राकडून आणलेलं होतं, त्यानेच खरं काय ते समजलं. मध्येच लाइट जायची आणि सेव्ह न केलेला प्रोग्राम गेला की पुन्हा पहिल्यापासून. (तेव्हापासून दर दोन मिनिटांनी सेव्ह करायची सवय आहे, आजही जात नाही.)

माझा पहिला 'खरा' प्रोग्राम बाबांसाठी होता. कामगाराने किती मीटर कापड विणलं ते टाका, मीटरला किती पैसे ते टाका, मजुरी छापून येईल. रुपये-पैशांचा दशांशचिन्हाचा घोळ नको म्हणून मी सगळं पैशांत धरलं. स्वतःवर खूश होतो. बाबांना रविवारी क्लासमध्ये घेऊन गेलो. त्यांनी वहीतला पहिला हिशेब सांगितला. १,२०० मीटर, मीटरला १०० पैसे.

स्क्रीनवर आलं, उणे ११,०७२.

बाबांनी चष्मा सरळ केला आणि म्हणाले, "म्हणजे कामगारानेच शेठला एकशे दहा रुपये बहात्तर पैसे द्यायचे?"

सरांना विचारलं. ते म्हणाले कॉम्प्युटर खराब असेल, दुसऱ्यावर बस. दुसऱ्यावरही उणे ११,०७२. कारण कॉम्प्युटर ठणठणीत होता. टर्बो सी मध्ये साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो आणि त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. त्यापुढे गेलं की रिक्षाच्या मीटरसारखं फिरून दुसऱ्या टोकाला, म्हणजे उणे ३२,७६८ वर. माझे १,२०,००० पैसे असे जवळजवळ दोन फेऱ्या मारून उणे ११,०७२ ला येऊन थांबले होते. पूर्णांकाच्या जागी 'लाँग' लिहिलं की प्रश्न मिटला. पण हे मला पुस्तकात सापडायला तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत जेवढं शिकलो तेवढं वर्षभराच्या क्लासमध्ये शिकलो नाही. आकडा मेमरीत कसा बसतो, किती जागा घेतो, जागा संपली की काय होतं, हे सगळं त्या एका उण्याने शिकवलं.

पुढे पहिल्या नोकरीत लिनक्सवर बसलो तर आमची लाडकी 'कॉनिओ' फाइल तिथे नव्हतीच! ती फक्त डॉसच्या दुनियेतली. सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये आलं होतं आणि आम्ही त्याच्या आधीची बोली घोकत होतो. पुढे ६४ बिटांच्या विंडोजवर टर्बो सी थेट चालेना, तेव्हा कॉलेजांनी डॉसबॉक्समध्ये जुनं डॉस उभं करून त्यात टर्बो सी चालवलं, पण सोडलं नाही.

हसू नका. त्यामागची कारणं आपल्या गावात चांगली कळतात. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्या थंडावल्या आणि कापडाचं काम भिवंडीकडे सरकलं. गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग इथल्या लोकांनी घेतले, दुरुस्त केले आणि त्यांवर संसार उभे केले. नवा माग परवडत नव्हता, जुना चालवता येत होता, आणि तो दुरुस्त करणारा फिटर गल्लीतच होता. टर्बो सी चं तसंच झालं. छोटं, जुन्या मशीनवर चालणारं, आणि शिकवणाऱ्याला पाठ असलेलं. मागाला जसा फिटर, तसा भाषेला मास्तर. तो जवळ असेल तेच चालतं.

आणि आता

पायथनची गोष्ट थोडक्यात. गीडो व्हान रॉसम ॲमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत होता. तिथे शिकणाऱ्यांसाठी 'एबीसी' नावाची भाषा झाली होती, ती फारशी चालली नाही. त्यातलं चांगलं घेऊन त्याने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत नवीन भाषा लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये जगाला दिली, फुकट. पुढे विद्यापीठं तिच्याकडे वळली. एमआयटीने २००९ च्या सुमारास आपला गाजलेला जुना अभ्यासक्रम बाजूला ठेवून सुरुवातीला पायथन घेतली. आपल्याकडे सीबीएसईनेही सी++ सोडून पायथन घेतली.

एवढा इतिहास चाळल्यावर मला तीन गोष्टी दिसतात. एक, शिकायचं सॉफ्टवेअर आज, तुमच्या हातात आहे त्या यंत्रावर, फुकट किंवा परवडेल अशा किमतीत चालायला हवं. दोन, अडल्यावर विचारायला कुणीतरी हवं, माणूस किंवा पुस्तक, आणि आपल्याला कळेल अशा भाषेत. तीन, आपल्या जवळचं एक खरं काम हवं, ज्याचं उत्तर चुकलं तर आपल्याला कळेल.

तेव्हा तिला दिलेलं माझं उत्तर असं.

पहिली लँग्वेज पायथन. सॉफ्टवेअर म्हणून थॉनी. एस्टोनियाच्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी केलेलं आहे, फुकट आहे, पायथन त्याच्यासोबतच येतं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. प्रोग्राम एकेक पायरीने पुढे नेता येतो आणि कुठल्या नावात कुठला आकडा बसलाय ते शेजारी दिसत राहतं. व्यावसायिक लोक वापरतात ती मोठी सॉफ्टवेअर नंतर. विमान शिकायच्या आधी सायकल.

मास्तर म्हणून मुंबई आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल. छोटे छोटे धडे, फुकट, बरेचसे मराठीतही. आणि रविवारी फोनवर मी आहेच.

चार-सहा महिन्यांनी सी. त्याने खालचं यंत्र दिसतं. पायथनमध्ये उणे ११,०७२ येत नाही, कारण तिथला पूर्णांक हवा तेवढा मोठा होतो. सोय आहे, पण डबीत काय आहे ते झाकलेलं राहतं. बरोबरीने एसक्यूएल, कारण नोकरीच्या पहिल्या दिवशी तीच लागते. ती नोकरी आयटी पार्कमध्येच असेल असंही नाही. अंजूर फाट्याकडच्या आणि मानकोलीच्या गोदामांतही सगळा माल बारकोडवर आणि डेटाबेसवरच हलतो.

तिने आणखी एक विचारलं, आणि तो प्रश्न तुम्हालाही पडला असेल. "दादा, आता एआय कोड लिहून देतो. मग शिकायचंच कशाला?"

मी तिला बाबांची गोष्ट सांगितली. बाबांना सी येत नव्हती. पण उणे ११,०७२ हा आकडा चूक आहे हे त्यांना एका नजरेत कळलं आणि सरांना कळलं नाही. कारण बाबांनी वीस वर्षं मजुरीचा हिशेब केला होता. एआय लिहून देईल, भराभर देईल, आणि कधीतरी तितक्याच आत्मविश्वासाने उणे ११,०७२ ही देईल. तेव्हा चष्मा सरळ करून "हे कसं?" असं विचारणारं कुणीतरी लागेलच. आणि तसं विचारता यायला आधी स्वतः चुकावं लागतं.

नोकरीची हमी मी दिली नाही. ती देता येत नाही. अण्णांना एवढंच म्हटलं, "तीन महिने फुकटात करू दे. आवडलं आणि पुढे जायला क्लास हवाच वाटला, तर तेव्हा बघू. माग आज विकू नका. विकलेला माग परत येत नाही."

काल तिचा फोन आला. पहिला प्रोग्राम झाला आहे. अर्थातच मजुरीचा, विषय घरचाच. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात हे तिला मी सांगितलं होतं, म्हणून तिने 'मीटर', 'दर' आणि 'मजुरी' अशीच नावं दिली आहेत. अण्णा शेजारी बसून वाचू शकले.

पण तिने दर रुपयांत धरला होता. मीटरला १० पैसे, म्हणजे ०.१, आणि मीटर ३. उत्तर आलं ०.३०००००००००००००००४.

"दादा, हे शेवटचं चार कुठून आलं?"

फोनवर मागून अण्णांचा आवाज, "तीस पैसे होतात, तीस! मशीन बिघडलं काय?"

म्हटलं, मशीन ठीक आहे. तू शोध. नाही सापडलं तर पुढच्या रविवारी सांगतो.

दोन माग सध्या गाळ्यातच आहेत. निदान दिवाळीपर्यंत तरी.